सिकलसेलचा तास आणि उघडलेले एकतीस टॅब

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बारावीला आनुवंशिकता चालू होती. प्लायोट्रॉपी, म्हणजे एकाच जनुकाचे अनेक परिणाम, आणि त्याचं ठरलेलं उदाहरण सिकलसेल, तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या करणारा आनुवंशिक आजार. पाऊण तासाची तासिका, त्यातली आठ मिनिटं हजेरीत गेलेली. मी वर्गात फिरणारं गाईड हातात घेतलं आणि वाचून दाखवलं: दोन वाहकांच्या, म्हणजे सिकलच्या जनुकाची एकच प्रत असलेल्यांच्या, संततीत निरोगी, वाहक आणि सिकलसेलग्रस्त असं १:२:१ प्रमाण येतं, त्यातले सिकलसेलग्रस्त मरतात, म्हणून वाहक आणि निरोगी उरतात, २:१. दोन गुणांना हमखास येतं, असंही वर सांगितलं. तिसऱ्या बाकावर एका मुलीने वही मिटली.

ती महिन्यातून चार-पाच दिवस गैरहजर असायची. हजेरीपटावर मी तिच्या नावापुढे ‘आजारी’ लिहायचे. कसला आजार, हे कधी विचारलं नव्हतं. मधल्या सुट्टीत तिची मैत्रीण स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, ती एसएस आहे.” म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती सिकलच्या, आजार असलेली.

हे प्रकरण त्या एका घटकाचं आहे. तो मी तीन आठवड्यांनी पुन्हा शिकवला, दोन तासिका घेऊन, आणि त्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं साहित्य इंटरनेटवरून शोधलं. काय सापडलं, काय टाकून दिलं, काय स्वतः करावं लागलं, ते इथे मांडते. मुलीची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.

वर्ग

नंदुरबार जिल्हा, सातपुड्याचा पायथा. बारावी विज्ञानाच्या वर्गात ४८ जण. निम्म्याहून जास्त मुलं धडगाव, अक्कलकुवा भागातली, वसतिगृहात राहणारी. घरी भिली किंवा पावरी, गावात अहिराणी, दहावीपर्यंत शाळेत मराठी आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक. म्हणजे पेशी शिकवताना आधी ‘मेम्ब्रेन’ शिकवायचं आणि मग पेशी.

आणि सिकलसेल इथे पुस्तकातला आजार नाही. आशाताई घरी येऊन तपासणीसाठी रक्त घेऊन जातात, आश्रमशाळांत तपासण्या होतात. ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द मुलांना माझ्याकडून शिकायचे नव्हते. महाराष्ट्रात हा पट्टा नंदुरबारपासून मेळघाट, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपर्यंत आहे, आणि विदर्भात आदिवासी नसलेल्या समाजांतही हा जनुक आढळतो. त्यामुळे वर्गात या विषयावर जे बोलू, ते संध्याकाळी कुणाच्या तरी घरी पोचणार हे धरूनच चालावं लागतं. जुलैत मी ते धरलं नव्हतं.

पहिल्या दोन संध्याकाळी

शोध मी सगळे करतात तसाच सुरू केला. इंग्रजीत आजाराचं नाव टाकलं आणि येईल ते उघडत गेले. अमेरिकेतल्या रुग्णालयांची पानं, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या जाहिराती, औषध कंपन्यांची गुळगुळीत माहितीपत्रकं. मराठीत टाकलं तर बातम्या: शिबिर झालं, मान्यवर आले, फीत कापली. मराठीत ‘सिकलसेल’, ‘सिकल सेल’ आणि ‘दात्रपेशी’ अशा तिन्ही शब्दांनी वेगवेगळं येतं, हेही तेव्हाच कळलं. दात्र म्हणजे विळाच, पण हा शब्द माझ्या वर्गात कोणी वापरत नाही.

दुसऱ्या रात्री अकरा वाजता ब्राउझरमध्ये एकतीस टॅब उघडे होते आणि हातात एकही गोष्ट अशी नव्हती की जी सोमवारी वर्गात नेता येईल. त्यातली अनेक पानं उत्तम होती, हे विशेष. अडचण माझ्याकडे होती. मी आजार शोधत होते, पाठ शोधत नव्हते.

तिसऱ्या संध्याकाळी संगणक लावायच्या आधी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर चार प्रश्न लिहिले. एक, एवढ्याशा एका अमिनो आम्लाच्या बदलाने अख्खी पेशी वाकडी का होते? दोन, इतका त्रास देणारा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? तीन, दोन वाहकांच्या मुलाला आजाराची शक्यता पंचवीस टक्के, म्हणजे नेमकं काय? चार, एसएस असलेलं माणूस आज कसं जगतं?

चौथा प्रश्न जीवशास्त्राच्या पेपरात येत नाही. वर्गात तिसऱ्या बाकावर मात्र तोच बसलेला होता.

हे चार प्रश्न लिहिल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. पहिल्या तिन्हींची उत्तरं जीवशास्त्राच्या साहित्यात मिळतात: विद्यापीठं, संशोधन संस्था, पाठ्यपुस्तकं. चौथ्याचं उत्तर आरोग्य खात्यांच्या साहित्यात. ही दोन घरं वेगळी. पहिल्या घरातलं साहित्य समजावून सांगायला केलेलं असतं, दुसऱ्यातलं लोकांनी काहीतरी करावं म्हणून: तपासणी करा, गोळी घ्या, लग्नाआधी दोघांची सिकलसेलची कार्डं जुळवा. एकाच पाठात दोन्ही वापरायची तर सूर बदलतो तो सांभाळावा लागतो.

वाकडी पेशी

पुस्तक सांगतं: हिमोग्लोबिन या रक्तातल्या प्रथिनाच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. मुलं हे पाठ करतात आणि लिहितात. का, हे कोणी विचारत नाही, कारण आजवर कोणी दाखवलेलंच नसतं. मीही वीस वर्षांत दाखवलं नव्हतं.

प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या रचनांचा खुला संग्रह; तिचा शिक्षकांसाठी वेगळा विभाग आहे, पीडीबी-१०१. तिथे हिमोग्लोबिनवर सोप्या भाषेत लेख आहे, सुंदर रंगीत चित्रांसह. आणि डेटा बँकेत प्रत्येक रचनेला चार अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. ऑक्सिजन सोडून दिलेल्या सिकल हिमोग्लोबिनचा क्रमांक २एचबीएस. तो टाकला की रेणू पडद्यावर येतो आणि बोटाने फिरवता येतो. मी फोनवर फिरवत बसले. बीटा साखळीच्या पृष्ठभागावर तो व्हॅलीन खिळ्याच्या डोक्यासारखा बाहेर आलेला. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाण्यात राहायला आवडतं. व्हॅलीनला पाणी नकोसं. ते आडोसा शोधतं. शेजारच्या हिमोग्लोबिनच्या रेणूवर ८५ क्रमांकाचं फिनाइलॲलनीन आणि ८८ क्रमांकाचं ल्यूसीन यांच्यामध्ये एक खोबण असते, तिच्यात ते जाऊन बसतं. एकाचा खिळा दुसऱ्याच्या खोबणीत, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, अशी दोरी वळत जाते आणि ती पेशीला आतून ताणते. ही खोबण ऑक्सिजन सोडल्यावरच नीट उघडी पडते. म्हणून पेशी फुप्फुसात बरी असते आणि जिथे ऑक्सिजन द्यायचा त्या बारीक केशिकांत वाकडी होते. दुखणं हाडांत, सांध्यांत, पोटात का येतं, तेही त्यातच आलं.

सगळ्या शोधातला सर्वांत आनंदाचा अर्धा तास हा. कॉलेजच्या संगणकावर मात्र ती रचना उघडताच संगणक गोठला. मग फोनवरूनच तीन चित्रं टिपली: दुरून रेणू, जवळून खिळा, खिळा खोबणीत. ती पेन ड्राइव्हवर घेतली. वर्गात रेणू फिरला नाही, पण तीन चित्रांनी काम भागलं.

पेशींच्या चित्रासाठी अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा सार्वजनिक आरोग्य चित्रसंग्रह, पीएचआयएल, चांगला. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या सिकल पेशींची चित्रं तिथे आहेत आणि बहुतेक चित्रं कोणालाही वापरता येतात. प्रत्येक चित्राखाली हक्कांची ओळ असते, ती वाचायची. एवढी सवय लावून घेतली की पुढे छापील साहित्यात चित्र टाकताना धाकधूक राहत नाही.

वाचनासाठी ओपनस्टॅक्सचं शरीररचना आणि शरीरक्रियेचं पुस्तक उघडलं. राइस विद्यापीठाचा हा उपक्रम, पुस्तकं मोफत. रक्ताच्या प्रकरणात तांबड्या पेशींचा भाग व्यवस्थित आहे. पण ते इंग्रजी कॉलेजातल्या मुलांचं. त्यातला एक परिच्छेद मी आधी सोप्या इंग्रजीत आणि मग मराठीत लिहिला, आणि तेव्हा लक्षात आलं की हे मराठीत आधीच कुठेतरी वाचलंय. नववीचं विज्ञान! आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल आहे: सहावं अमिनो आम्ल, वाहक, रुग्ण, सगळं. ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत. मी ‘बारावी जीवशास्त्र’ म्हणून शोधत होते, त्यामुळे नववीचं पुस्तक समोर आलंच नाही. माझ्या मुलांनी तीन वर्षांपूर्वी हेच मराठीत वाचलं होतं आणि मी त्यांना ते इंग्रजीत नवं म्हणून शिकवत होते. हसावं की काय ते कळेना.

टिकलेला जनुक

दुसऱ्या प्रश्नाला हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूटचं बायोइंटरॲक्टिव्ह हे संकेतस्थळ उपयोगी पडलं. संशोधक टोनी ॲलिसन केनियात वाढले. १९४९ मध्ये तिथे रक्ताचे नमुने घेताना त्यांना दिसलं की किनाऱ्यावर आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास सिकलचा जनुक जास्त आहे, उंच कोरड्या भागात फारच कमी. मलेरियाचा नकाशाही तसाच. १९५४ मध्ये त्यांनी मांडलं की वाहकांना मलेरियापासून काही संरक्षण मिळतं. यावर तिथे सुमारे चौदा मिनिटांची एक फिल्म आहे, सोबत शिक्षकांसाठी टिपणं आणि वर्कशीट. फिल्म उतरवून घेता येते.

मी ती दोनदा बघितली आणि ठरवलं की आवाज बंद करून चारच मिनिटं दाखवायची, बोलायचं आपण. निवेदकाचा उच्चार मुलांच्या कानावरून गेला असता, आणि चौदा मिनिटं म्हणजे माझ्या तासिकेचा तिसरा हिस्सा.

अडचण निराळीच निघाली. मी उघडलेल्या परदेशी वर्कशीटांत बहुतेक ठिकाणी आफ्रिकेचाच नकाशा होता, आणि मजकुरात हा आजार आफ्रिकन वंशाच्या लोकांचा. अमेरिकेतल्या वर्गासाठी ते ठीकच आहे. माझ्या वर्गाला ते दाखवलं तर मुलं म्हणणार, मग आपल्याकडे कुठून आला? म्हणून नकाशा शोधला. २०१० साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये सिकल जनुकाच्या जागतिक प्रसाराचा नकाशा आला, फ्रेडरिक पील आणि सहकाऱ्यांचा. त्यात मध्य भारत रंगलेला दिसतो. हा नकाशा पडद्यावर आला तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली.

भारतात सिकलची पहिली नोंद १९५२ ची, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये, लेहमन आणि कटबुश यांची. (त्याच वर्षी मुंबईत भेंडे आणि सहकाऱ्यांनी बॉम्बे रक्तगटाची नोंद लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केली. रक्तगट शिकवताना मी हे हटकून सांगते, कारण पुस्तकातल्या नावांत आपल्या गावांची नावं फार कमी येतात.) आपल्याकडे सापडणाऱ्या प्रकाराला अरब-भारतीय हॅप्लोटाइप (एकत्र वारशाने येणारा जनुकीय बदलांचा संच) म्हणतात. यात गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण मोठेपणीही तुलनेने जास्त राहतं आणि त्यामुळे काहींना त्रास कमी होतो. काहींना, सरसकट नाही. हे वाक्य मी जपून सांगितलं, कारण ‘आपला सिकल सौम्य असतो’ असं ऐकून कोणी औषध बंद केलं तर?

फेटची सिम्युलेशनंही पाहिली. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी सुरू केला. काही सिम्युलेशनं मराठीतही आहेत आणि एकेक सिम्युलेशन एका फाइलमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय चालवता येतं, जे आमच्याकडे फार मोलाचं. त्यात नैसर्गिक निवडीचं आहे: ससे, लांडगे, पांढरी आणि तपकिरी लोकर. मुलांना वेड लावणारं. मी ते घेतलंच होतं पेन ड्राइव्हवर, पण घरी चालवून बघताना खटकलं. त्यात गुण एक तर प्रभावी असतो नाहीतर अप्रभावी. सिकलची सगळी गंमत तर एक प्रत बरी आणि दोन प्रती वाईट यात आहे, आणि ते सशांना दाखवता येत नाही. मुलांनी सशांवरून चुकीचा निष्कर्ष काढला असता. ते उत्क्रांतीच्या प्रकरणासाठी राखून ठेवलं.

जुन्या फोल्डरातली ॲनिमेशनंही चाळली. २०२० च्या शेवटी ती चालवणारं फ्लॅश सॉफ्टवेअर बंद झाल्यावर त्यातली बहुतेक मेली आहेत. फाइल आहे, उघडत नाही. पुसून टाकली.

पंचवीस टक्के

इथे मी मराठी व्हिडिओंकडे वळले, कारण मुलं घरी जाऊन तेच बघणार. बरेच पाहिले, चांगलेही होते. तीनांत मात्र ज्या चुका सापडल्या, त्या किरकोळ म्हणून सोडण्यासारख्या नव्हत्या.

पहिल्यात दोन मिनिटांनंतर वाक्य येतं की आईवडील दोघं एएस असतील तर चार मुलांपैकी एकाला सिकलसेल होणारच. आईवडिलांच्या जनुकांच्या जोड्या मांडायच्या पनेट चौकोनात चार घरं असतात म्हणून चार मुलं! ही चूक इंग्रजी साहित्यातही दिसते, पण मराठीत ती ‘होणारच’ या शब्दाने ठोकून बसवलेली होती. याचा घरातला अर्थ काय होतो, ते मी एका पालकांकडून ऐकलं आहे: “पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन बरी होतील.”

दुसऱ्यात वाहकाला सगळीकडे ‘रुग्ण’ म्हटलं होतं. तिसऱ्यात रक्त कमी म्हणजे लोह कमी असं धरून सिकलसेलवाल्यांना लोहाच्या गोळ्या आणि बीट सुचवलं होतं. सिकलसेलमध्ये रक्त कमी होतं ते पेशी लवकर फुटतात म्हणून. फॉलिक ॲसिड दिलं जातं, आणि लोह फक्त तपासणीत कमी आढळलं तर, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच.

मी एक फोल्डर केला, नाव ठेवलं ‘वापरू नका’, आणि त्यात प्रत्येक व्हिडिओचं नाव, चूक कितव्या मिनिटाला आणि का चूक, अशी एक फाइल ठेवली. आरोग्याबद्दलचं एखादं वाक्य मला पटलं एवढ्यावर वर्गात न्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरवलं. चौथ्या प्रश्नाचं सगळं साहित्य प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी पेन फिरवला.

पंचवीस टक्क्यांसाठी ऑनलाइन काहीच मनासारखं मिळालं नाही. मग दोन नाणी. एक आईचं, एक बापाचं. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोन्ही उडवली की एक मूल. प्रत्येकाने चार मुलांचं एक कुटुंब करायचं आणि कागदावर लिहायचं. गणित आधी करून ठेवलं होतं: ४८ कुटुंबांपैकी साधारण १५ कुटुंबांत एकही एसएस नसणार, साधारण २० कुटुंबांत एक, आणि १३ च्या आसपास कुटुंबांत दोन किंवा अधिक.

जोडणी

बायोइंटरॲक्टिव्हच्या वर्कशीटात वंशावळीचा भाग चांगला होता. तो मराठीत घेताना मी उत्साहाने स्थानिक केला: पाडवी, वसावे, पावरा अशी आडनावं टाकली, गावंही टाकली. झेरॉक्सला देण्याआधी सकाळी पुन्हा वाचलं आणि अंगावर काटा आला. वर्गात याच आडनावांची दहा-पंधरा मुलं. ‘वसावे कुटुंबातले आजोबा वाहक’ असं छापून हातात दिलं असतं, तर तो कागद गावात गेला असता. सगळी आडनावं खोडली, ‘कुटुंब क’ आणि ‘कुटुंब ख’ ठेवलं. पाठ आपल्या मातीतला करा असं प्रशिक्षणांत सतत सांगतात. या पाठात नकाशा मातीतला हवा होता, आडनावं नकोत.

सिकल हिमोग्लोबिन ओळखायची सोल्युबिलिटी चाचणी दाखवायची होती. नळीत सोडियम डायथायोनाइट असलेल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकतात. सिकल हिमोग्लोबिन असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या कागदावरच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. वर्गात कोणाचंही रक्त घ्यायचं नाही, अगदी माझंही नाही, हे पक्कं होतं. म्हणून दोन टेस्ट ट्यूब: एकीत लाल रंगाचं पाणी, दुसरीत तेच पाणी आणि दुधाचे काही थेंब. मागे वर्तमानपत्र. एकीतून मथळा वाचता येतो, दुसरीतून नाही. या चाचणीतून एएस आणि एसएस वेगळे कळत नाहीत, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी लागते, हे लगेच सांगायचं; नाहीतर गढूळ म्हणजे एसएस असं मुलांच्या डोक्यात बसतं.

पाठाच्या दोन दिवस आधी मी त्या मुलीला एकटीला बोलावलं. म्हटलं, “जुलैत मी जे वाचलं ते अर्धवट होतं. तो भाग पुन्हा घेणार आहे. कोणालाही काही विचारणार नाही. तुला त्या दिवशी यायचं नसेल तर नको येऊस, हजेरी लावीन.”

ती म्हणाली, “येते, मॅडम. पण माझ्याकडे बघू नका.”

दोन तासिका

पहिली तासिका ठरल्याप्रमाणे गेली. गाईडातलं वाक्य फळ्यावर लिहिलं आणि सांगितलं, हे जुनं आहे. औषधं आणि देखभाल मिळाली तर एसएस माणसं मोठी होतात, शिकतात, संसार करतात. परीक्षेत २:१ विचारलं तर काय लिहायचं तेही सांगितलं, कारण गुण सोडा असं मी कोणाला सांगू शकत नाही. खिळा आणि खोबण चांगली कळली. एक मुलगा उठून म्हणाला, “म्हणजे ही पेशी वाईट नाही, चिकट आहे.” तिसऱ्या बाकाकडे न बघणं फार अवघड असतं. नेहमी आपण किती वेळा बघतो ते तेव्हा कळतं.

मलेरियाचा भाग झाल्यावर अपेक्षित प्रश्न आला: “मग एएसवाल्याला मलेरिया होत नाही?” होतो. फॅल्सिपॅरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार जिवावर बेतण्याचं प्रमाण त्यांच्यात बरंच कमी असतं, एवढंच. मच्छरदाणी सगळ्यांनाच. अनपेक्षित प्रश्न दुसरा होता, मागून एका मुलीचा: “आपल्याकडचा मलेरिया पूर्ण गेला तर सिकलसेल पण जाईल का?” हा प्रश्न कुठल्याही वर्कशीटात नव्हता. उरलेली दहा मिनिटं त्यातच गेली. एएसचा फायदा संपेल, पण जनुक लगेच जाणार नाही, पिढ्या लागतील; फळ्यावर आकडे घालून बघितलं.

दुसऱ्या तासिकेला आरोग्य केंद्रातले लॅब टेक्निशियन आले. मुलं त्यांना ओळखतात, सगळ्यांचे भाऊच ते. नाण्यांचा गोंधळ आधी झाला. बाकांखाली नाणी घरंगळली, शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. फळ्यावर बेरीज मांडली तेव्हा आकडे गणिताच्या जवळपास आले आणि एका मुलाच्या कुटुंबात चारपैकी तीन एसएस निघाले. तो गप्पच झाला. “नाणं आहे रे,” भाऊ म्हणाले, “पण लक्षात ठेव, खरंच असं होतं. आणि मागचं मूल कसं झालं ते नाण्याला माहीत नसतं.” एवढं नेमकं मला सुचलं नसतं.

मग चौथा प्रश्न. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे लक्ष्य. अभियानाचं साहित्य आम्ही वापरलं, पण निवडून. लग्नाआधी कार्ड जुळवण्याची पोस्टरं मी भिंतीवर लावली नाहीत. सतरा वर्षांच्या एसएस मुलीने ते पोस्टर महिनाभर रोज का बघावं? भाऊंनी ते तोंडी सांगितलं, समुपदेशन म्हणून: तपासणी करून घ्या, आधी माहीत असू द्या, ठरवा तुम्ही. पाणी भरपूर प्यावं, फार थंडी आणि फार दमणूक टाळावी, ताप आला तर घरी थांबू नये. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध काय करतं, तेही आलं: गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवतं, दुखण्याच्या फेऱ्या कमी होतात. म्हणजे आदल्या तासिकेतला तो हॅप्लोटाइप इथे कामाला आला.

शेवटी मी क्रिस्परचं सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता मिळाली, क्रिस्पर तंत्राने जनुक कापून बदलणारा पहिला मान्यताप्राप्त उपचार, आणि तो सिकलसेलसाठी. मला वाटलं होतं, आशेवर पाठ संपेल. कुणीतरी विचारलं, “किती पैसे?” बावीस लाख डॉलर. रुपयांत मांडलं, अठरा कोटींच्या आसपास. वर्गात कोणी काही बोललं नाही. मग तिसऱ्या बाकावरून आवाज आला, आणि तेव्हा मी बघितलं, कारण प्रश्न विचारणाऱ्याकडे बघावंच लागतं: “भाऊ, ती रोजची गोळी संपली तर आपल्या पीएचसीत मिळते, की नंदुरबारलाच जावं लागतं?”

भाऊंनी वही काढून तिला वार सांगितला.

हिशेब

सहा संध्याकाळी, अंदाजे चौदा तास. एकतीस टॅबपैकी वर्गात पोचल्या पाच गोष्टी: रेणूची तीन चित्रं, पेशींचं एक चित्र, चार मिनिटांची मूक फिल्म, एक नकाशा आणि नववीच्या पुस्तकाची दोन पानं. नाणी आणि दूध घरचं. डेटा मुख्यतः शहाद्याला भावाकडच्या वायफायवर उतरवला, कारण इकडे रेंज पावसात जाते. पेन ड्राइव्हची एक प्रत तळोद्याच्या एका सहकाऱ्याला दिली. त्यांनी फिल्म पूर्ण दाखवली, आवाजासकट, आणि त्यांच्या वर्गाला ती आवडली म्हणे. असेल.

सप्टेंबरात बारावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी एक मराठी व्हिडिओ टाकला, ‘सिकलसेल दहा मिनिटांत’. माझ्या ‘वापरू नका’ फोल्डरातला पहिलाच. दोन तासांत खाली एका मुलाचं उत्तर आलं होतं: “२ मिनिटांनंतर चूक आहे. प्रत्येक मुलाला नाणं नव्याने.” त्याखाली चार-पाच अंगठे. दुसऱ्या दिवशी लोहाच्या गोळ्यांचा व्हिडिओही तिथे आला. त्यावर कोणी काही म्हटलं नव्हतं. तो भाग मी वर्गात एका वाक्यात उरकला होता. त्याचं उत्तर मी लिहिलं.